सालईची राळ : झाडाचे औषध, माणसाचे अत्तर

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या रेल्वेने निघालात, तर आमगाव आणि सालेकसा ही स्टेशने मागे पडल्यावर दरेकसा नावाचे एक लहान स्टेशन लागते. तेथून जवळच, महाराष्ट्र व छत्तीसगड यांच्या सीमेवरील डोंगरात कचारगडची प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. गोंड समाजाच्या कोया पुनेम परंपरेत हे स्थान अत्यंत पवित्र मानले जाते. दरवर्षी माघ पौर्णिमेच्या सुमारास निरनिराळ्या राज्यांतून भाविक मोठ्या संख्येने येथे जमतात.

माघ म्हणजे पानगळीचा काळ. या दिवसांत पूर्व विदर्भातील कोरड्या, खडकाळ टेकड्यांवर नजर टाकलीत, तर साग, ऐन, धावडा, तेंदू यांच्याबरोबर एक निष्पर्ण झाड तुमचे लक्ष वेधून घेईल. त्याच्या खोडावरून कागदासारखे पातळ पापुद्रे सुटलेले असतात. जेथे माती थोडी आणि खडक फार, तेथेही हे झाड तग धरून उभे राहते. हीच सालई. तिच्या खोडाला जखम झाली, की तेथून एक चिकट, सुगंधी रस पाझरतो. तो वाळला की त्याचे पिवळसर, अर्धपारदर्शक खडे बनतात. हे खडे धुपात जळतात, औषधात पडतात आणि त्यांचा अर्क उंची अत्तरांत मिसळला जातो. विद्यार्थी मित्रांनो, या खड्यात असते तरी काय, त्याचा सुगंध येतो कोठून आणि तो मिळवताना झाडाला काय किंमत द्यावी लागते, हे आज आपण पाहू.

ओळख सालईची

सालई हा मध्यम उंचीचा पानझडी वृक्ष आहे. त्याची पाने कडुनिंबाच्या पानांची आठवण करून देतात. एका लांब देठावर दोन्ही बाजूंनी पर्णिकांच्या जोड्या असतात आणि पर्णिकांच्या कडा दातेरी असतात. यावरूनच त्याला बॉसवेलिया सेराटा हे शास्त्रीय नाव मिळाले. सेराटा म्हणजे करवतीसारखे दाते असलेली. झाडावर पाने जवळजवळ नसतात, तेव्हा बारीक पांढरी फुले येतात. फळ तीन धारांचे असते. संस्कृतात या झाडाला शल्लकी म्हणतात, आणि हत्तींना त्याचा पाला आवडतो म्हणून गजभक्ष्या असेही एक नाव आहे.

येथे नावांचा एक घोटाळा टाळला पाहिजे. सालई आणि साल ही दोन वेगळी झाडे आहेत. साल म्हणजे शोरिया रोबस्टा, ज्याच्या लाकडाचे रेल्वेचे स्लीपर बनत असत. त्याच्यापासूनही राळ मिळते, पण त्याचे कूळ निराळे. सालईचे कूळ बर्सेरेसी. गुग्गुळ, हिराबोळ आणि आपल्या रानातला काकड हे सारे तिचे भाऊबंद. अरबस्तान व सोमालिया येथील ज्या झाडाच्या धुपासाठी प्राचीन काळी वाळवंटातून उंटांचे तांडे चालत, ते तर सालईचे सख्खे भावंडच, म्हणजे बॉसवेलिया याच प्रजातीतले.

झाडाला सुगंध कशासाठी?

तुमचा गुडघा खरचटला की काय होते? रक्त येते, ते गोठते आणि खपली धरते. खपलीखाली जखम भरून येते व बाहेरचे जंतू आत शिरत नाहीत. सालईचीही व्यवस्था काहीशी अशीच आहे. खोडाच्या आतल्या सालीत अतिशय बारीक नलिकांचे जाळे असते. या नलिकांना अस्तर लावल्याप्रमाणे ज्या पेशी असतात, त्या हा रस तयार करून नलिकेत सोडतात. किडा साल पोखरू लागला किंवा कुऱ्हाडीचा घाव बसला, की नलिका फुटतात व रस जखमेवर येतो. त्यातील उडून जाणारा भाग उडतो, उरलेला भाग घट्ट होतो आणि जखमेवर बूच बसते. शिवाय या रसातील अनेक द्रव्ये किडींना व बुरशीला नकोशी असतात. म्हणजे एकच पदार्थ मलमपट्टीही करतो आणि जंतुनाशकाचेही काम करतो.

मात्र हा रस म्हणजे झाडाचा अन्नरस नव्हे. अन्नरसाच्या वाहिन्या वेगळ्या असतात. राळ हे झाडाचे अन्न नाही. एकदा बाहेर पडली की ती परत झाडाच्या उपयोगी येत नाही. पण ती तयार करण्यासाठी लागणारा कार्बन मात्र पानांनी उन्हात तयार केलेल्या साखरेतूनच येतो. आता असे पाहा : सालईला घाव घालून राळ काढण्याचा हंगाम पावसाळा संपल्यानंतर सुरू होतो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालतो. यांतील बरेच महिने झाडावर पानेच नसतात. म्हणजे मिळकत बंद असताना खर्च चालू राहतो, आणि तो साठवलेल्या शिल्लकीतून भागवावा लागतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

डिंक की राळ?

हिवाळ्यात घरी डिंकाचे लाडू होतात. तो डिंकही झाडाच्या खोडावरच येतो. मग डिंक आणि राळ यांत फरक काय? डिंक हा साखरेच्या अनेक रेणूंची साखळी बनून तयार झालेला पदार्थ आहे. तो पाण्यात फुगतो किंवा विरघळतो, त्याला फारसा वास नसतो. राळ पाण्यात विरघळत नाही. ती स्पिरिटमध्ये विरघळते, तापवली की मऊ होते आणि निखाऱ्यावर टाकली की धूर करून जळते.

सालईच्या खड्याची गंमत अशी, की त्यात दोन्ही एकत्र असतात, आणि तिसरे एक सुगंधी तेलही असते. झाड, जागा आणि ऋतू यांप्रमाणे प्रमाण बदलते, पण ढोबळ मानाने निम्म्याहून अधिक राळ, पाव भागाच्या आसपास डिंक आणि शंभरात पाच ते दहा भाग तेल असे समजायला हरकत नाही.

हे तुम्हाला शाळेच्या प्रयोगशाळेत पडताळून पाहता येईल. काष्ठौषधींच्या दुकानात सालई गुग्गुळ किंवा कुंदुरु या नावाने मिळणारे खडे थोडे आणा आणि खलात कुटा. एका परीक्षानळीत चिमूटभर पूड व कोमट पाणी घ्या, दुसरीत तेवढीच पूड व स्पिरिट घ्या. दोन्ही नळ्या चांगल्या हलवून ठेवा. पाण्याच्या नळीत दुधासारखे गढूळ मिश्रण होते, कारण डिंक विरघळतो आणि तेल व राळ यांचे सूक्ष्म कण त्यात तरंगत राहतात. स्पिरिटच्या नळीत तेल व राळ विरघळतात, आणि डिंक तळाशी पांढरट गाळ होऊन बसतो. आता वरचा स्वच्छ द्रव हळूच वेगळा काढून त्याचे काही थेंब पाण्यात टाका. पाणी तत्काळ पांढरे होईल. स्पिरिटने सांभाळलेली राळ पाण्याला नको असते, म्हणून ती बाहेर पडते. प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करा, आणि स्पिरिट जवळ असताना काडी किंवा दिवा पेटवू नका.

अत्तराच्या कारखान्यात जे घडते, त्याचे मूळ तुमच्या या दुसऱ्या परीक्षानळीत आहे.

एकाच विटेची लहानमोठी घरे

तेल आणि राळ यांत इतका फरक, की एक हवेत उडून जाते आणि दुसरी दगडासारखी पडून राहते. तरी झाड ही दोन्ही द्रव्ये एकाच प्रकारच्या विटेने बांधते, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. या विटेत ५ कार्बन अणू आणि ८ हायड्रोजन अणू असतात. ५ कार्बनच्या अशा सांगाड्याला आयसोप्रीन एकक म्हणतात. वनस्पतींची सुगंधी तेले या एककांची बनलेली असतात, ही कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो वॉलाख यांनी सन १८८७ मध्ये मांडली. पुढे लिओपोल्ड रुझिचका यांनी ती खूप विस्तृत केली. वॉलाख यांना १९१० चे आणि रुझिचका यांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता सालईच्या खड्यातील तीन रेणू घेऊ.

पहिला अल्फा-थुजीन. तो सालईच्या तेलातील एक प्रमुख घटक आहे. दोन विटा, म्हणून १० कार्बन आणि १६ हायड्रोजन. कार्बनचा अणुभार १२ व हायड्रोजनचा १ धरून हिशेब करा. रेणुभार १३६ येतो. हा रेणू हलका, म्हणून चटकन उडतो. खडा कुटताना प्रथम जो ताजा, काहीसा मिरीची आठवण देणारा वास येतो, त्यात अशा हलक्या रेणूंचा मोठा वाटा असतो.

दुसरा सेरॅटॉल. चार विटा, म्हणून २० कार्बन. त्यात ३४ हायड्रोजन व १ ऑक्सिजन आहे. रेणुभार २९०. हा सावकाश उडतो.

तिसरा बीटा-बॉसवेलिक आम्ल. सहा विटा, म्हणून ३० कार्बन. त्यात ४८ हायड्रोजन व ३ ऑक्सिजन आहेत. रेणुभार ४५६. हा रेणू इतका जड, की नेहमीच्या तापमानाला तो उडून तुमच्या नाकापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून त्याला जवळजवळ वास नाही. खड्यातील घट्ट राळेचा मोठा भाग अशाच जड आम्लांचा असतो.

वास येण्यासाठी रेणू नाकापर्यंत आला पाहिजे. हे साधे सत्य ध्यानात घेतले, की सुगंधाच्या विद्येतील अर्धे कोडे उलगडते. जे लवकर उडते ते लवकर जाणवते, आणि लवकर संपतेही. जे सावकाश उडते ते मागाहून जाणवते व रेंगाळते. जे उडतच नाही, त्याला गंध नसला तरी त्याचेही एक काम आहे. ते आपण लवकरच पाहू.

मात्र एक खबरदारी घ्या. जे द्रव्य अधिक, त्याचाच वास अधिक, असे समजू नका. अरबी-आफ्रिकी धुपाचा तो विशिष्ट, जुन्या देवळाची आठवण करून देणारा वास नेमका कशामुळे येतो, याचा उलगडा बराच काळ झाला नव्हता. सन २०१६ मध्ये फ्रान्समधील नीस येथील शास्त्रज्ञांनी तो केला. तेलातील घटक यंत्राने एकेक करून वेगळे करायचे, आणि यंत्राच्या तोंडाशी माणसाने नाक लावून प्रत्येकाचा वास नोंदवायचा, अशी त्यांची रीत होती. शेवटी हाती लागली ती दोन आम्ले, आणि तीही तेलात अगदी लेशमात्र. त्यांना ओलिबॅनिक आम्ले असे नाव देण्यात आले. भाजीत हिंग किती असतो? पण त्याच्यावाचून भाजीची चव बदलते. तसेच हे.

खड्यापासून अर्कापर्यंत

सालईच्या खड्यातील सुगंध वेगळा करण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिला मार्ग वाफेच्या ऊर्ध्वपातनाचा. खडे भांड्यात घालून त्यांतून पाण्याची वाफ सोडतात. वाफेबरोबर तेलाची वाफही वर येते, आणि दोन्ही थंड केल्या की पाण्यावर तेलाचा थर तरंगतो. येथे चौकस विद्यार्थ्याला शंका येईल, की थुजीन सुमारे १५० अंश सेल्सिअसला उकळते, तर ते १०० अंशांच्या वाफेबरोबर कसे येते? उत्तर असे, की पाणी व तेल एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून दोघांचे बाष्पदाब स्वतंत्रपणे काम करतात व त्यांची बेरीज होते. ही बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळते, आणि ते १०० अंशांच्या थोडे खालीच घडते. त्यामुळे तेल न करपता मिळते. पण या मार्गाने मुख्यतः हलके रेणू हाती लागतात. जड राळ भांड्यातच राहते.

दुसरा मार्ग द्रावकाचा, म्हणजे तुमच्या दुसऱ्या परीक्षानळीचा. कुटलेले खडे अल्कोहोल किंवा हेक्झेनसारख्या द्रावकात मुरवतात. तेल व राळ द्रावकात उतरतात, डिंक मागे राहतो. गाळून घेतल्यावर द्रावक कमी दाबाखाली, म्हणजे कमी उष्णतेत, उडवून लावतात. मग जो दाट, तपकिरी, मधापेक्षाही चिकट अर्क उरतो त्याला सुगंधव्यवसायात रेझिनॉइड म्हणतात. त्यात हलके, मध्यम व जड असे तिन्ही प्रकारचे रेणू एकत्र नांदत असतात.

तिसरा एक जुना, देशी प्रकारही सांगितला पाहिजे. उत्तर प्रदेशातील कनौज येथील अत्तरवाले काही राळा बंद भांड्यात तापवून त्यांच्यापासून तेल काढतात. त्याला चोया म्हणतात. येथे राळेचे रेणू उष्णतेने मोडतात, म्हणून चोयाचा वास मूळ राळेपेक्षा निराळा, धुरकट असतो. निखाऱ्यावर धूप टाकल्यावर असेच होते. आधी तेल उडते, मग राळ मोडू व जळू लागते. म्हणून खड्याचा वास आणि धुपाचा वास एकच नसतो. आणि धूप कितीही पवित्र असला तरी त्याचा धूर हा धूरच. दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत तो फार वेळ कोंडू नये.

उडणाऱ्याला धरून ठेवणारी राळ

आता त्या वास नसलेल्या जड रेणूंकडे वळू. अत्तर बनवणाऱ्याची नेहमीची अडचण अशी, की लिंबू-संत्र्यासारखे ताजे वास घटका दोन घटकांत उडून जातात. अशा तेलात राळेचा अर्क मिसळला तर काय होते? मिश्रणात हलक्या रेणूंचे प्रमाण जितके कमी, तितका त्यांचा बाष्पदाब कमी होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ राउल यांचा हा नियम तुम्ही बारावीत शिकाल. शिवाय दाट राळेतून वाट काढत पृष्ठभागापर्यंत येण्यास हलक्या रेणूला वेळ लागतो. गर्दीच्या यात्रेतून बाहेर पडणाऱ्या माणसासारखी त्याची अवस्था होते. परिणामी वास मंद होतो, पण अधिक काळ टिकतो. अशा द्रव्याला स्थिरीकारक म्हणतात.

हेही करून पाहा. गाळणकागदाच्या तीन सारख्या पट्ट्या घ्या. पहिलीवर नुसत्या स्पिरिटचे, दुसरीवर व तिसरीवर तुमच्या राळ-द्रवाचे सारखे थेंब टाका व वाळू द्या. मग पहिल्या दोन पट्ट्यांवर संत्र्याची ताजी साल सारखीच पिळून तिच्या तेलाचे तुषार उडवा. तिसरीवर उडवू नका. राळेचा स्वतःचा वास किती, हे कळण्यासाठी ती ठेवली आहे. दहा मिनिटांनी, अर्ध्या तासाने व दोन तासांनी, कोणती पट्टी कोणती हे माहीत नसलेल्या वर्गमित्राला वास घ्यायला सांगा आणि तक्ता भरा. संत्र्याचा वास कोणत्या पट्टीवर किती वेळ टिकला, ते तुमच्याच नोंदीवरून ठरवा.

नागपूर, मुंबई आणि बॉसवेलिया

या झाडाच्या शास्त्रीय इतिहासात महाराष्ट्राचा संबंध दोनदा येतो. संस्कृतचे पंडित हेन्री टॉमस कोलब्रुक हे सन १७९९ ते १८०१ या काळात ईस्ट इंडिया कंपनीचे वकील म्हणून नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी होते. पुढे त्यांनी धुपाविषयी एक निबंध लिहिला. ग्रीक व रोमन लोक ज्या धुपासाठी सोने मोजत, तो सालईपासूनच मिळत असावा, असे त्यांचे मत होते. सालईचे शास्त्रीय नाव कोलब्रुक यांच्या लेखातूनच १८०७ मध्ये प्रसिद्ध झाले. ते मुळात विल्यम रॉक्सबर्ग यांनी, एडिंबरोच्या बॉसवेल या वैद्याच्या स्मरणार्थ योजले होते.

कोलब्रुक यांचे अनुमान मात्र टिकले नाही. मुंबई लष्करातील डॉक्टर हेन्री कार्टर यांनी १८४० नंतरच्या दशकात अरबस्तानच्या किनाऱ्याच्या पाहणीत तेथील धुपाची झाडे प्रत्यक्ष पाहिली आणि वर्णिली. मग सोमाली किनाऱ्यावरची रोपे मुंबईच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत, वाढवण्यात आली. त्यांचा अभ्यास करून डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी १८७० मध्ये बॉसवेलियाच्या नव्या जाती प्रसिद्ध केल्या. एकीला त्यांनी कार्टर यांचे, दुसरीला गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे आणि तिसरीला आपले मुंबईतील सहकारी डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले : बॉसवेलिया भाऊ-दाजियाना. त्याच बागेतील ज्या वस्तुसंग्रहालयासाठी या दोघांनी खटपट केली, त्याला १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. आजचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्टर व भाऊ दाजी यांच्या नावांच्या जाती वेगळ्या न मानता बॉसवेलिया सॅक्रा या एकाच जातीत धरतात. शास्त्रात नावे अशी बदलत राहतात, आणि त्यात कोणाचा अपमान नसतो. पुरावा वाढला की वर्गीकरण सुधारते.

किती घाव?

सालईचा उपयोग आजवर अनेक प्रकारे झाला. मध्य प्रदेशातील नेपानगरच्या वृत्तपत्रकागदाच्या कारखान्याने १९५० नंतरच्या दशकात काम सुरू केले, तेव्हा लगद्यासाठी सालईचे लाकूड वापरले. १९८६ मध्ये जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील सिंग व अटल यांनी सालईच्या अर्काचा सूज कमी करणारा गुण प्रसिद्ध केला. १९९० नंतर जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील संशोधकांनी बॉसवेलिक आम्ले शरीरातील एका विशिष्ट विकरावर कसा परिणाम करतात ते दाखवले. आज शल्लकीच्या गोळ्या जगभर विकल्या जातात. म्हणजे हलके रेणू अत्तरवाल्याला हवेत आणि जड रेणू औषधवाल्याला. मागणी दोन्हीकडून, झाड मात्र एकच. आणि पूर्ण वाढलेल्या सालईपासून वर्षाला मिळणारी राळ साधारण एक किलोच्या आसपास असते.

अशा वेळी अधिक घाव घालण्याचा मोह होतो. त्याचा परिणाम काय होतो, हे आफ्रिकेतील बॉसवेलिया पॅपिरिफेरा या जातीवर तपासले गेले आहे. एरिट्रियातील एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. घाव न घातलेल्या झाडांच्या दर शंभर बियांपैकी ८० हून अधिक रुजल्या. सतत घाव घातलेल्या झाडांच्या शंभरांपैकी १६ सुद्धा रुजल्या नाहीत. मघाशी सांगितलेली शिल्लक आठवते ना? ती जखमा बुजवण्यातच खर्ची पडली, तर बीज पोसण्यास उरणार काय? त्याच जातीवरील २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात बहुतेक ठिकाणी लहान रोपेच आढळली नाहीत. असेच चालले तर २० वर्षांत तेथील धुपाचे उत्पादन निम्म्यावर येईल, असे त्यात म्हटले आहे. त्याला एकटे घावच कारण नाहीत. वणवे आणि गुरांची चराई यांनीही रोपे वाढू दिली नाहीत.

आपली सालई ही निराळी जात आहे, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे तिला लावता येणार नाहीत. पण तिचीही एक नाजूक बाजू आहे. दिल्ली विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले, की निसर्गतः सालईच्या दर शंभर फुलांपैकी दहाच्या आसपास फुलांनाच फळ धरते. हाताने दुसऱ्या झाडाचे पराग आणून लावले, की हे प्रमाण ८० पर्यंत जाते. स्वतःचे पराग सालईला चालत नाहीत. दुसऱ्या झाडाचे पराग मधमाश्यांनी आणावे लागतात.

यातून एक व्यवहारी धडा निघतो. सालईची जाड फांदी पावसाळ्याच्या तोंडी जमिनीत रोवली तर ती मूळ धरू शकते, आणि मुळांपासूनही नवे फुटवे येतात. म्हणून लागवड सोपी वाटते. पण एकाच झाडाच्या पन्नास फांद्या लावल्या, तर ती पन्नास झाडे जननिक दृष्टीने एकच झाड आहे! मधमाश्या त्यांच्यात कितीही फिरल्या तरी परागांचा उपयोग नाही. म्हणून फांद्या निरनिराळ्या झाडांच्या घ्याव्यात, आणि आसपास मधमाश्यांची पोळी सुरक्षित असावीत.

घाव घालण्याचेही शहाणपण आहे. घाव उथळ असावा, लाकडापर्यंत जाऊ नये. खोडाभोवती पूर्ण वळसा कधीही घालू नये, कारण तसे केले की पानांतून मुळांकडे जाणारा अन्नरस तुटतो. कोवळ्या झाडांना हात लावू नये, आणि मोठ्या झाडांनाही अधूनमधून विश्रांती द्यावी. हे ठरवायचे कोणी? सन २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्या लोकांचा गौण वनउपजावरील हक्क मान्य केला आहे आणि जंगल राखण्याचे अधिकार ग्रामसभेला दिले आहेत. डिंक, राळ, मध, मोह हे सारे त्या वनउपजात येते. तेव्हा यंदा किती झाडांना घाव घालायचे व कितींना सोडायचे, हा प्रश्न गावाने बसून सोडवण्याचा आहे. त्यासाठी गावाजवळ हिशेब हवा.

तो हिशेब तुम्ही करून देऊ शकता. तुमच्या शाळेजवळ सालईचे रान असेल, तर गावातील जाणत्या माणसाला व शिक्षकांना बरोबर घेऊन एक पट्टा आखा. त्यातील प्रत्येक सालईचा घेर जमिनीपासून सुमारे १.३७ मीटर उंचीवर फितीने मोजा, आणि त्या उंचीपर्यंत न पोहोचलेली रोपे वेगळी मोजा. झाडावर घाव आहेत का, असल्यास किती व भरलेले की ओले, तेही लिहा. मग तक्त्यात चार घरे करा : रोपे, बारीक झाडे, मध्यम झाडे आणि जाड झाडे. जाड झाडांचे घर भरलेले पाहून हुरळून जाऊ नका. ज्या गावात फक्त आजोबा-आजीच आहेत आणि पाळण्यात मूल नाही, त्या गावाचे पुढे काय होईल ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून आधी पहिल्या घराकडे पाहा. तेथे शून्य असेल, तर तो तक्ता पुढच्या ग्रामसभेपुढे वाचून दाखवा.